पोळी सोडलेल्या यात्रिकासोबत : शिरपूर, वाशीम, कारंजा

अकोल्याहून निघून पातूरचा घाट ओलांडला, की मेडशीच्या पुढे रस्ता मोकळा होत जातो आणि मालेगाव येते. नाशिक जिल्ह्यातील मालेगावची सवय असलेला पाहुणा येथे हमखास विचारतो, ‘हेच का ते?’ हे ते नव्हे. हे वऱ्हाडातले मालेगाव जहांगीर, वाशीम जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. येथून रिसोडच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात शिरपूर. नावापुढे ‘जैन’ हा शब्द लावूनच ओळखले जाणारे हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांचे आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मार्गशीर्ष वद्य दशमीचा, म्हणजे पार्श्वप्रभूंच्या जन्मकल्याणकाचा सोहळा आटोपल्यावर, वद्य त्रयोदशीला आम्ही सहा जण निघालो होतो. गर्दी ओसरलेली असते आणि दर्शन निवांत होते, म्हणून हे दिवस आम्ही निवडले. सोयाबीन केव्हाच बाजारात जाऊन आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती, मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे तुकडे आणि कुठे हळदीचे मोठ्या पानांचे वावर. हळद हे कंदच. परंतु वाळलेली हळद आणि सुंठ आपल्याकडे चालते, यावर गाडीत दरवर्षीप्रमाणे चर्चा झाली आणि दरवर्षीप्रमाणेच ती कोणाचेही मत न बदलता संपली.

गाडी माझे भाऊजी चालवीत होते. वय बासष्ट, अडतीचा व्यवसाय, मधुमेह चौदा वर्षांचा. बारा दिवसांपूर्वी त्यांनी पोळी, भात, भाकरी, साखर असे सर्व एकदम सोडले होते. बदाम, पनीर, मुगाचे धिरडे, पालेभाजी आणि बिनसाखरेचा चहा एवढ्यावर ते राहत होते. सकाळची शुगर २४० वरून १३० पर्यंत उतरली होती आणि हा आकडा ते भेटेल त्याला सांगत. तोंडावर मात्र तेज नव्हते. ‘जरा डोकं जड असतं, पाय गळाल्यासारखे होतात, पण शरीर सवय लावून घेत आहे,’ असे ते म्हणत. आमची ताई बाजूला गप्प बसलेली असे.

शिरपूरला पोहोचेपर्यंत साडेदहा झाले. येथील मूर्ती अर्धपद्मासनात आहे, कृष्णवर्ण आहे आणि भूमीला न टेकता अधर आहे, अशी श्रद्धा. अंतरिक्ष हे नाव त्यावरूनच पडले. दोन्ही परंपरांमधील दीर्घ वादामुळे चार दशकांहून अधिक काळ बंद असलेली मंदिराची दारे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडली. त्या वादाचा इतिहास येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. पुन्हा समोरासमोर दर्शन घडले, तेव्हा घरातल्या वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले होते, एवढी आठवण पुरे.

या क्षेत्राची कथा आजाराशीच जोडलेली आहे. एलिचपूरचा राजा श्रीपाल त्वचेच्या दुर्धर व्याधीने पीडित होता. रानात फिरत असता येथील तळ्याच्या पाण्याने त्याने हातपाय धुतले, आणि पाण्याचा स्पर्श झाला तेवढी कांती उजळली. त्या पाण्यात काय आहे, याचा शोध घेता घेता मूर्ती प्रकटली. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हाला तळ्याचे नवल वाटे. आता साठीच्या आसपास आल्यावर त्यात दुसरेच काही दिसते. राजाला एका दिवसात बरे वाटले, याचे अप्रूप आपल्याला इतके असते, की आपलाही आजार एखाद्या युक्तीने, एखादे अन्न सोडल्याने, एका पंधरवड्यात धुऊन निघावा, असे मनोमन वाटत राहते. मधुमेह तसा धुऊन निघत नाही. तो आटोक्यात येतो, क्वचित काही वर्षे झाकलाही जातो. पण त्याचा हिशोब रोज मांडावा लागतो.

मुख्य मंदिरातून आम्ही पवळीच्या मंदिराकडे गेलो. परत येताना भाऊजी ओट्याशी थांबले. थंडीचे दिवस, अकराचे ऊन अगदी कोवळे. तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. ताईने काही विचारले, तर उत्तर भलतेच आले आणि ते किंचित चिडूनही आले. शेजारी बसलेल्या एका भल्या माणसाने लगेच प्रसादाचा पेढा पुढे केला. ताईची सून औषधशास्त्र शिकलेली आहे. तिने पिशवीतून साखर मोजायचे यंत्र काढले, बोट टोचले. आकडा आला ५८.

‘मामंजी, पेढा नको. हे घ्या,’ असे म्हणून तिने ग्लुकोजची पूड तीन-चार चमचे पाण्यात ढवळून त्यांना हळूहळू पाजली. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटे आम्ही सारे त्या ओट्यावर बसून राहिलो. पुन्हा मोजले, तेव्हा ८४. भोजनशाळेत जाऊन तिने त्यांना मुगाच्या वरणाबरोबर एक पोळी खायला लावली. त्यांनी ती खाल्ली, मात्र अपराध्यासारखी. त्यानंतर दिवसभर दर दोन-अडीच तासांनी ती त्यांचे बोट टोचत राहिली. गाडीचे चाक अर्थातच धाकट्या भाच्याच्या हाती गेले. आदल्या तीन तासांत याच हातांनी आम्हाला पातूरच्या घाटातून आणले होते, हे त्या वेळी कोणी बोलले नाही. पण प्रत्येकाच्या मनात ते होते.

७० च्या खाली रक्तातली साखर गेली, की ती कमी साखर समजायची. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड, बोलण्यातला घोळ ही तिची भाषा. ही भाषा ऐकून वेळीच ग्लुकोज घेतले, तर माणूस पंधरा मिनिटांत सावरतो. न ऐकल्यास शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा गोड काहीही घालायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तेव्हा थेट दवाखानाच गाठायचा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवतच नाही. त्यांना केवळ घामावरून ओळखावे लागते.

पेढा का नको, हे मात्र मला नवे होते. भाऊजींच्या एकाच गोळीत तीन औषधे होती : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज. अशी तिहेरी गोळी आपल्याकडे अनेकांच्या डबीत असते. वाचकांनी आपली पट्टी एकदा उलटी करून वाचावी. यातले व्होग्लिबोज आतड्यात पिष्ट आणि साखर यांचे विघटन लांबवते. त्यामुळे हे औषध चालू असताना चहाची साखर किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही. पेढ्यातला खवाही शोषण लांबवतो. शुद्ध ग्लुकोजला विघटनाची गरजच नाही, म्हणून ते लागू पडते. दहा-वीस रुपयांची ग्लुकोजची पुडी खिशात असावी, ती यासाठी.

आता मूळ कारण. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीची औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आले आहे की नाही, याची चौकशी ती करीत नाहीत. बाहेरून टोचलेले इन्सुलिनही करीत नाही. डॉक्टरांनी त्या गोळीची मात्रा ठरवली, तेव्हा भाऊजी दिवसाला सहा पोळ्या आणि दोन वाट्या भात खात होते. पोळ्या आणि भात गेले. गोळी तेवढीच राहिली. आडतीच्या भाषेत सांगायचे, तर आवक थांबली आणि उठाव पूर्वीच्याच सौद्याप्रमाणे चालू राहिला. गोदाम रिकामे होणारच. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो. म्हणूनच शेजाऱ्याने पोळी सोडली आणि त्याला काही झाले नाही, हा दाखला आपल्या कामाचा नाही. शेजाऱ्याची गोळी कोणती, हे आधी पाहावे लागते.

ही गोष्ट वैद्यकालाही तशी नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने मधुमेह्यांचे धान्य तोडले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन रुग्णांना जवळजवळ उपाशीच ठेवीत, कारण दुसरा इलाज नव्हता. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन मिळाले, आणि त्याबरोबरच डॉक्टरांना एका नव्या संकटाची ओळख झाली : साखर खाली घसरण्याचे. अन्न तोडणे हा एक उपाय, औषध हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोराने चालवले, तर मधला माणूस ओढला जातो.

शिरपूरहून दुपारी आम्ही वाशीमला आलो. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. आजच्या गावात त्या वैभवाच्या खुणा शोधाव्या लागतात. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा झाला, तेव्हा येथील व्यापाऱ्यांना आपले गाव आता मोठे होणार असे वाटले होते. बालाजीचे मंदिर, पद्मतीर्थ, बाजार समितीत सोयाबीन आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या. हंगामात येथल्या आडत्याचा दिवस पाहिला, म्हणजे मधुमेह आपल्या समाजात इतका का रुजला, याचे निम्मे उत्तर मिळते. सकाळपासून गादीवर बैठक. येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर अर्धा कप गोड चहा. दुपारचे जेवण लिलाव संपेल तेव्हा. आणि सूर्यास्तापूर्वी आटपायचे म्हणून साडेपाचला पुन्हा ताट, तेही घाईचे. चालणे म्हणावे, तर दुकान ते मंदिर आणि मंदिर ते घर.

देशाचे चित्रही असेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. याच पाहणीतून दिसले, की सरासरी भारतीयाच्या ताटातील साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते. म्हणजे पोळी-भात कमी करा, हा सल्ला खराच आहे. भाऊजींचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण घरात आल्यावर प्रत्येक जण त्यांना ‘सांगितलं होतं ना’ असे ऐकवू लागला होता आणि कोणीही काही सांगितलेले नव्हते. त्याच संशोधकांनी आकडेमोड करून सुचवलेला मार्ग असा, की कर्बोदके शून्यावर न नेता एकूण ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास आणावीत आणि प्रथिने वाढवावीत. सहाऐवजी तीन पोळ्या, भाताच्या दोन वाट्यांऐवजी अर्धी, आणि वरण घट्ट. हे ऐकायला फार साधे वाटते, म्हणून कोणी ऐकत नाही.

येथे भाकरीविषयीही एक गैरसमज आहे. वऱ्हाडात ज्वारी म्हणजे औषधच, असे मानतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदके असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. पूर्ण पिठाची भाकरी मैद्याहून कितीतरी बरी, पोटही भरते. पण ‘ज्वारीच आहे’ म्हणून चार भाकरी खाल्ल्या, तर हिशोब तिथेच येतो.

संध्याकाळच्या जेवणानंतर भाऊजींनी अकोल्याच्या आपल्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणे आम्हालाही ऐकू येत होते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आधी आकडे विचारले, मग गोळी बदलली : ग्लिमेपिराइड असलेली तिहेरी गोळी बंद, नुसते मेटफॉर्मिन चालू, रोज चार वेळा मोजणी आणि चौथ्या दिवशी भेट. शेवटी एवढेच म्हणाले, ‘पोळी सोडलीत त्या दिवशी मला एक फोन का नाही केलात?’ भाऊजी काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन येणार होतो. तुम्हाला चकित करायचं होतं.’

रात्री झोपण्यापूर्वी मात्र त्यांनी मला दुसरे कारण सांगितले, आणि हा लेख लिहायला ते कारणीभूत झाले. गरगरले, की त्यांना वाटे, हे तप आहे. देह कुरकुरतो आहे आणि आपण त्याच्यावर मात करीत आहोत. आपल्या घरांत लहानपणापासून उपवासाच्या तिसऱ्या प्रहरी येणारी ग्लानी आदराने पाहिली जाते. अठ्ठाई करणाऱ्या मुलीचा चेहरा उतरला, की आपण तिच्या पाया पडतो. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला घाम आणि थरथर ही धोक्याची सूचना वाटत नाही. ती प्रगती वाटते. मला वाटते, आपल्या समाजातल्या मधुमेह्यांना इतरांपेक्षा अधिक जपावे लागते, ते नेमके या कारणाने.

सगळीच ग्लानी साखर घसरल्याची असते, असे मात्र नाही. पहिल्या आठवड्यातले डोके जड होणे, पायात गोळे येणे, उठताना अंधारी येणे हे बहुधा पाणी आणि मीठ यांमुळे असते. शरीरात साठवलेल्या पिष्टाबरोबर त्याच्या तिपटीच्या आसपास पाणी धरलेले असते. पिष्ट खर्ची पडले, की ते पाणीही जाते. इन्सुलिन उतरल्याने मूत्रपिंड मीठही अधिक टाकते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरते आणि आपण पेढे वाटतो (बिनसाखरेचे), ते वजन पुष्कळसे पाण्याचेच. त्यात रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दाब खाली येतो. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तानंतर पाणीही घ्यायचे नसते. हिवाळ्यात दिवसाही पक्के पाणी कमीच प्यायले जाते. अशा वेळी दिवसभरात पुरेसे पाणी, मीठ घातलेले मुगाचे पाणी, किंवा स्वतंत्रपणे घेतलेले ताक उपयोगी पडते. स्वतंत्रपणे अशासाठी, की द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात कच्च्या ताकासोबत मूग चालत नाहीत. ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा उच्च रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी मीठ वाढवण्यापूर्वी विचारूनच घ्यावे.

दुसराही एक प्रकार आहे. वर्षानुवर्षे शुगर २५० च्या घरात राहिलेल्या माणसाची ती ११० वर आली, तरी शरीराला ती घसरण वाटते आणि घाम, थरथर सगळे तसेच होते. यंत्र मात्र ११० दाखवते. येथे ग्लुकोज घेण्याची गरज नसते. थोडे खाऊन शांत बसले, की निभावते, आणि काही आठवड्यांत सवय होते. मोजल्याशिवाय हा फरक कळत नाही. अंदाजाने गोड खाणाऱ्याचे वजन वाढते आणि अंदाजाने सोसणारा पडतो.

तिसरा प्रकार क्वचित होतो, परंतु सर्वांत घातक. ज्यांच्या औषधाचे नाव ‘फ्लोझिन’ने संपते, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, त्यांनी कर्बोदके अगदी तोडली किंवा लांब उपवास केला, तर रक्तात आम्लता वाढू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास. फसवणारी गोष्ट ही, की या वेळी शुगर १५०-२०० एवढीच असू शकते. त्यामुळे घरचे म्हणतात, शुगर तर ठीक आहे, पित्त झाले असेल. पित्ताची गोळी देऊन रात्र काढण्याचा हा प्रसंग नव्हे; तत्काळ दवाखान्यात जायचे आणि औषधाचे नाव सांगायचे. ही औषधे हृदयाला आणि मूत्रपिंडाला हितकारक आहेत, आणि पेटंट संपल्यापासून स्वस्तही झाली आहेत, त्यामुळे ती आता घरोघरी दिसतील. पर्युषणात मोठी तपश्चर्या योजली असेल, तर ती किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारावे.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. आमच्या नातलगांच्या घरी तिथी पाळतात, म्हणजे हिरवी भाजी नाही. ताटाचा खरा पेच मला त्या सकाळी समजला. जगात कर्बोदके कमी करण्याचे जे मार्ग सांगितले जातात, ते बहुधा अंडी, मांस, मासे आणि भरपूर भाज्या यांवर उभे असतात. आपण त्यातले पहिले तीन सोडलेले, कंदमुळे सोडलेली आणि तिथीला पालेभाजीही सोडलेली. मग उरते काय? खाकरा, पापड, शेव, सुकी मेथी, कडधान्ये, दूध, सुका मेवा. आयंबिल केले, तर दूध-तूपही नाही. ते सारे धान्यावर आणि कडधान्यावरच चालते. म्हणजे ज्या दिवशी आपण आहाराने सर्वांत विरक्त असतो, त्या दिवशी ताटात कर्बोदकांचाच भरणा असतो. आयंबिल शुगरला चांगले, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. एक वेळच्या मोजक्या जेवणाने ते कधी चांगले ठरतही असेल, पण त्यातल्या धान्याने नव्हे.

ताईने त्या दिवशी जे केले, ते लिहून ठेवण्यासारखे आहे. मोड आलेले मूग चतुर्दशीला चालत नाहीत, म्हणून सुके मूग शिजवून घट्ट उसळ. घरचे पनीर हिंग-जिऱ्यावर परतलेले. बेसनाची पाटवडी, कांदा-लसणाशिवाय, आमसूल घातलेल्या पातळ रश्शात. आणि प्रत्येकी एक भाकरी. एकच. भाऊजींनी भाकरीचा पहिला घास घेताना सर्वांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. दोन तासांनी शुगर १५६ होती. ताई म्हणाली, ‘बघा, भाकरीनं काही आकाश कोसळलं नाही.’

तेथून मंगरूळपीरवरून कारंज्याला. कारंजा लाड हे गाव जैन वाङ्मयाच्या अभ्यासकांना जितके ठाऊक आहे, तितके आपल्यातल्या व्यापाऱ्यांना नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे येथे आहेत आणि त्यांच्या भांडारांत शतकानुशतके जपलेली हस्तलिखिते आहेत. डॉ. हिरालाल जैन यांनी येथील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि १९३० च्या दशकात कारंजा ग्रंथमालेतून ते छापून बाहेर आले. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. त्याचे संस्थापक ब्रह्मचारी देवचंद हेच पुढे समंतभद्र महाराज झाले. वऱ्हाडातल्या किती पिढ्या या गुरुकुलातून घडल्या, याची मोजदाद कठीण आहे.

मंदिराच्या मंडपात बसलो असता भाऊजींनी विचारले, ‘मग आमच्यासारख्यानं तप करायचंच नाही का?’ आमच्यासोबतच्या वयोवृद्ध काकांनी याचे उत्तर दिले. ते स्वाध्याय करणारे आहेत आणि मोजके बोलतात. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपाचे सहा प्रकार येतात, त्यात अनशन हा एक. त्याच्या शेजारीच अवमौदर्य आहे, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, आपण ज्याला ऊनोदरी म्हणतो. रसपरित्यागही आहे. ‘तुम्ही सहाच्या तीन पोळ्या केल्यात, तरी ते तपच आहे,’ ते म्हणाले. ‘आणि षोडशकारण भावनांत तप आणि त्याग यांना लावलेला शब्द विसरू नका : शक्तितः. शक्तीनुसार.’

श्वेतांबर परंपरेतही याची सोय आहे, हे मला ताईच्या सुनेच्या माहेरच्या मंडळींकडून समजले. पच्चक्खाण घेताना जे आगार, म्हणजे सवलती, उच्चारल्या जातात, त्यांत सर्वसमाधीचा आगार असतो : तीव्र पीडेने चित्ताची समाधी ढळत असेल, तर औषधासाठी घेतलेल्या वस्तूने व्रत मोडत नाही. आपण हे शब्द रोज ऐकतो, अर्थाकडे लक्ष देत नाही. कोणत्या व्रताला काय लागू, हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. परंतु रात्री दोन वाजता शुगर ५० झाली असता ग्लुकोज घ्यावे की व्रत सांभाळावे, हा प्रश्न त्या रात्री सोडवण्यापेक्षा आधीच विचारून ठेवलेला बरा. काकांचे मत तर त्याहून स्पष्ट होते. ते म्हणाले, ज्याला साखर घसरवणारी गोळी किंवा इन्सुलिन आहे, त्याने चौविहाराचा नियम घेण्यापूर्वी डॉक्टर आणि महाराज या दोघांनाही सारखीच माहिती द्यावी.

महाराष्ट्रात अलीकडे दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घरोघरी पोहोचली; त्यामागचा मूळ विचार आपल्याच विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. काकांनी ते ऐकून ‘म्हणजे बियासणंच की’ असे म्हटले आणि सगळे हसले. बियासण, एकासण, नवकारसी ही आपल्याला सवयीची वाट आहे, हे खरे. पण त्या वाटेवर चालणाऱ्या आपल्या आजोबांच्या खिशात ग्लिमेपिराइड नव्हते.

साडेपाचला कारंज्यातच जेवण उरकले आणि परतीला निघालो. भाऊजींनी निघण्यापूर्वी स्वतःच यंत्र मागून घेतले. १२८. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना साखर ९० किंवा त्याहून कमी असल्यास आधी खाऊन मगच गाडी चालवण्यास सांगितले जाते, असे सूनबाईंनी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘मग माझी तर चालवण्याजोगी आहे.’ ताईने किल्ली दिली नाही. ते मागच्या आसनावर बसले, मूर्तिजापूरपर्यंत तुरीच्या भावावर बोलत राहिले, आणि मध्येच खिशातली ग्लुकोजची पुडी काढून तिच्यावरची छापील किंमत वाचून पाहिली.